मंदावलेली नाडी

आजच्या भाषणाचा विषय ‘हार्ट ब्लॉक’ हा आहे. हे शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत अँजिओग्राफी, स्टेंट, ‘तीन ब्लॉक निघाले’, ‘ऐंशी टक्के ब्लॉक होता’ अशीं वाक्यें उभीं राहिलीं असतील. म्हणून आरंभींच एक खुलासा केला पाहिजे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांत चरबीचा थर सांचून जो अडथळा होतो, त्याला ‘ब्लॉक’ म्हणण्याची आपल्या घरगुती बोलण्यांत वहिवाट पडली आहे. वैद्यकांत मात्र ‘हार्ट ब्लॉक’ या नांवानें ओळखला जाणारा विकार निराळा. पाण्याचा नळ तुंबणें आणि विजेची तार तुटणें या जशा घरांतील दोन वेगळ्या आपत्ति, तसाच या दोहोंत भेद आहे. आणि मी आज बोलणार आहें तो तारेविषयीं. हा भेद नुसता शब्दांचा असता तर त्यासाठीं आपला वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु नळाची तपासणी होऊन ‘सर्व ठीक आहे’ असा निर्वाळा मिळालेला मनुष्यही तारेच्या दोषानें मूर्च्छा येऊन पडूं शकतो. आणि घरचीं माणसें ती मूर्च्छा पित्ताची, अशक्तपणाची किंवा फेफऱ्याची समजून स्वस्थ राहतात. या स्वस्थतेंतच खरा धोका आहे.

प्रथम हृदयाची घडण थोडक्यांत पाहूं. हृदयाचे कप्पे चार. वरच्या दोहोंना कर्णिका आणि खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. वरचे कप्पे रक्त गोळा करून खालीं सोडतात आणि खालचे तें फुफ्फुसांकडे व सर्व शरीराकडे लोटतात. हें काम ताल धरून चालावें म्हणून निसर्गानें हृदयांतच एक आज्ञाकेंद्र ठेविलें आहे. उजव्या कर्णिकेच्या माथ्याशीं असलेला हा पेशींचा लहानसा पुंजका आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक या दोघां ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं १९०७ मध्यें दाखवून दिला. विश्रांतीच्या वेळीं त्यांतून मिनिटाला ६० ते १०० सूक्ष्म विद्युत्-संदेश निघतात. संदेश कर्णिकांत सर्वत्र पसरतो. परंतु कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्यें वीज वाहून न नेणाऱ्या तंतूंचा पडदा आहे, आणि निरोगी हृदयांत त्या पडद्यांतून खालीं जाण्यास एकच वाट आहे. या वाटेवरील तंतूंचा जुडगा विल्हेल्म हिस यांनीं १८९३ मध्यें वर्णिला. आणि तिच्या तोंडाशीं असलेल्या गांठीचें वर्णन जपानी शास्त्रज्ञ सुनाओ तावारा यांनीं जर्मनींतील मारबुर्ग येथें संशोधन करून १९०६ मध्यें प्रसिद्ध केलें. या गांठीपाशीं संदेश क्षणभर, सुमारें एक दशांश सेकंद, रेंगाळतो. हा विलंब हितकारकच असतो. कारण तेवढ्या अवधींत वरचे कप्पे आपलें रक्त खालच्या कप्प्यांत रितें करतात. विकाराला आरंभ होतो तो हा विलंब प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे.

या विकाराच्या तीन पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीवर प्रत्येक संदेश खालीं पोंचतो, परंतु उशिरानें. मनुष्याला त्याची जाणीवही नसते. दुसऱ्याच कारणानें ईसीजी काढला असतां ही गोष्ट सहज ध्यानांत येते, आणि बहुधा तिला उपचार लागत नाहीं. दुसऱ्या पायरीवर कांहीं संदेश पोंचतात, कांहीं गळतात. यांत पुन्हां दोन प्रकार आहेत, आणि त्यांतील भेद फार महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारांत विलंब प्रत्येक ठोक्यागणिक वाढत जातो आणि अखेर एक ठोका गळतो. डच वैद्य कारेल वेंकेबाख यांनीं हा क्रम १८९९ मध्यें, ईसीजीचें यंत्र प्रचारांत येण्यापूर्वीं, नाडीच्या आलेखावरून ओळखला, ही त्यांच्या निरीक्षणाची थोरवी होय. हा प्रकार बहुधा वरच्या गांठीपाशीं होतो आणि पुष्कळदां सौम्य असतो. व्यायामी तरुणांत झोपेमध्यें तो दिसून येतो. दुसऱ्या प्रकारांत विलंब वाढत नाहीं. कोणतीही पूर्वसूचना न देतां ठोका एकाएकीं गळतो. वोल्डेमार मोबिट्झ यांनीं १९२४ मध्यें हे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. या दुसऱ्या प्रकाराचा दोष सहसा गांठीच्या खालीं, तंतूंच्या जुडग्यांत किंवा त्याच्या शाखांत असतो, आणि तो केव्हां तिसरी पायरी गांठील याचा नेम नसतो.

तिसरी पायरी म्हणजे पूर्ण ब्लॉक. वरून एकही संदेश खालीं येत नाहीं. अशा वेळीं निसर्गाची राखीव व्यवस्था पुढें येते. खालच्या भागांतील पेशी स्वतःच आज्ञा देऊं लागतात. त्या गांठीजवळच्या असल्या तर मिनिटाला ४० ते ६० ठोके पडतात; अगदीं खालच्या असल्या तर २० ते ४० च, आणि त्यांचाही भरंवसा नसतो. वरचे कप्पे ८० च्या गतीनें आणि खालचे ३० च्या गतीनें, एकमेकांची वार्ता नसल्याप्रमाणें चालले आहेत, असा ईसीजी एकदां पाहिला कीं तो विसरतां येत नाहीं. ही राखीव व्यवस्था कांहीं सेकंद जरी थांबली तरी मेंदूला रक्त मिळेनासें होतें आणि मनुष्य कोसळतो. डब्लिन शहरांतील रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनीं १८२७ मध्यें आणि विल्यम स्टोक्स यांनीं १८४६ मध्यें अशा रोग्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. मूर्च्छेचें मूळ मेंदूंत नसून मंदावलेल्या हृदयांत असूं शकतें, हा त्या वर्णनांचा बोध होता. आजही ही मूर्च्छा त्या दोघांच्या नांवानें ओळखली जाते.

आतां घरांतील माणसांनीं हा विकार ओळखावा कसा? जिना चढतांना पूर्वीं न लागणारी धाप, दिवसभर वाटणारी ग्लानि, उभें राहतां राहतां डोळ्यांपुढें येणारी अंधारी, हीं सौम्य लक्षणें होत. साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाच्या बाबतींत ‘आतां वय झालें’ असें म्हणून आपण त्यांची बोळवण करतों. परंतु वाढत्या वयांत या विद्युत्-वाटेचे तंतू झिजणें हेंच पूर्ण ब्लॉकचें एक नेहमींचें कारण आहे. म्हणजे ज्या वयाकडे बोट दाखवून आपण लक्षणाकडे दुर्लक्ष करतों, त्याच वयांत त्याची चौकशी अधिक अगत्याची असते.

मूर्च्छेविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. हृदयाच्या मूर्च्छेंत मनुष्य बसल्या जागीं, प्रसंगीं निजलेला असतांही, एकाएकीं शुद्ध हरपतो. चेहरा कागदासारखा पांढरा पडतो, नाडी हातास लागत नाहीं. दहापंधरा सेकंद असे गेले तर हातपाय आंचकेही देतात, आणि येथेंच पाहणारांची फसगत होते. कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतो, कोणी चप्पल हुंगवितो. इतक्यांत हृदय पुन्हां चालूं लागतें, चेहऱ्यावर लाली येते, आणि ‘काय झालें?’ असें विचारीत रोगी उठून बसतो. आणि श्रेय मात्र कांद्याला मिळतें! फेफऱ्यांत आंचके पहिल्यापासून व अधिक वेळ येतात, चेहरा काळानिळा होतो, जिभेची कड चावली जाते, आणि शुद्धीवर आल्यावरही बराच वेळ मनुष्य गोंधळलेला किंवा झोपाळलेला असतो. हा भेद प्रत्येक वेळीं इतका स्वच्छ दिसतोच असें नाहीं. म्हणून पहिल्यानें ‘फिट’ आलेल्या प्रत्येक माणसाचा ईसीजी काढलाच पाहिजे. तो न काढल्यामुळें वर्षानुवर्षें फेफऱ्याचीं औषधें घेणारा रोगी वस्तुतः हृदयाचा रोगी असूं शकतो.

या सर्वांत घरच्या माणसाच्या हातीं असलेली एक गोष्ट म्हणजे नाडी मोजणें. मनगटावर आंगठ्याच्या बुडाशीं दोन बोटें हलकेंच ठेवावींत. स्वतःचा आंगठा वापरूं नये, कारण त्यांतील ठोके आपल्यालाच जाणवतात. घड्याळ पुढें ठेवून पूर्ण एक मिनिट मोजावें. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याच्या घाईंत गळालेले ठोके निसटतात. २०२० च्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आला आहे. त्यावर आणि रक्तदाबाच्या यंत्रावरही नाडीचा आंकडा दिसतो. तो ३५ दिसला तर ‘यंत्र बिघडलें असेल’ असें म्हणून तें बाजूला ठेवूं नये. बोटांनीं मोजून खात्री करावी. नित्य व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाची नाडी ५० च्या खालीं असूं शकते व त्यांत कांहीं वावगें नसतें. परंतु नाडी ५० च्या खालीं असून तिच्या जोडीला घेरी, मूर्च्छा, धाप, छातींत दुखणें किंवा थंड घाम असेल, तर ती निकड समजावी. आणि मूर्च्छा येऊन गेल्यावर नाडी नेहमींसारखी भरली, तरीही निश्चिंत होऊं नये. कारण हा विकार येऊन-जाऊन असतो.

अशा वेळीं रोग्याला आडवें निजवावें, पाय थोडे उंच करावेत, तोंडांत पाणी वा औषध घालूं नये, आणि त्याला जिना उतरून चालत नेऊं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ पासून चालू आहे. रोगी हांकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास बंद किंवा नुसता आंचके दिल्यासारखा असेल, तर नाडी शोधण्यांत वेळ न दवडतां छातीच्या मध्यभागीं दोन्ही हातांनीं सुमारें पांच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या गतीनें दाब देत रहावें आणि मदत येईपर्यंत थांबूं नये.

रुग्णालयांत जातांना रोगी घेत असलेलीं सर्व औषधें, पाकिटांसह, बरोबर न्यावींत. ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु कधीं कधीं निदान त्या पिशवींतच असतें. रक्तदाबासाठीं दिलेलीं मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारखीं औषधें, तसेंच व्हेरापामिल, डिल्टियाझेम आणि डिगॉक्सिन हीं सर्व या विद्युत्-वाटेवरील वाहतूक मंद करतात. मूत्रपिंडें अशक्त असतील तर रक्तांतील पोटॅशियम वाढून हृदय मंदावतें. लहान मुलांच्या बाबतींत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. आपल्याकडे कुंपणांना लावलेला पिवळा कण्हेर असतो. त्याच्या बिया, ज्यांना मुलें बिट्टी म्हणून खेळावयास घेतात, त्या विषारी असून त्यांतील द्रव्य डिगॉक्सिनच्याच जातीचें आहे. ती बी चघळल्यानें पूर्ण ब्लॉक होऊं शकतो. घटसर्पाच्या विषानेंही हृदयाची हीच वाट बिघडते, आणि बालपणीं त्याची लस टोंचून घेणें हें त्याचें उत्तर आहे.

रुग्णालयांत वैद्याचा पहिला प्रश्न नाडीच्या आंकड्याविषयीं नसतो. त्या आंकड्यामुळें रोग्याचे हाल होत आहेत कीं नाहीं, हा असतो. रक्तदाब घसरला आहे काय, शुद्धि मंदावली आहे काय, छातींत दुखतें काय, फुफ्फुसांत पाणी भरून धाप लागली आहे काय? यांपैकीं कांहीं असेल तर उपचार तत्काळ सुरू होतो. पहिलें औषध अ‍ॅट्रोपिन. तें शिरेंतून एक मिलिग्रॅम देतात, जरूर पडल्यास तीन ते पांच मिनिटांनीं पुन्हां देतात, आणि एकूण तीन मिलिग्रॅमच्या पुढें जात नाहींत. या औषधाची मर्यादा समजून घेण्यासारखी आहे. हृदयाला लगाम घालणारी एक मज्जातंतूची दोरी मेंदूकडून येते. अ‍ॅट्रोपिन ती दोरी सैल करतें. परंतु तो लगाम मुख्यतः आज्ञाकेंद्रावर व वरच्या गांठीवर असतो, खालच्या शाखांवर नाहीं म्हटलें तरी चालेल. म्हणून दोष गांठींत असेल तर अ‍ॅट्रोपिनचा गुण येतो. दोष खालीं असेल तर वरून संदेश मात्र अधिक वेगानें येऊं लागतात आणि तुटक्या वाटेवर आणखीच गळतात. अशा रोग्याला अ‍ॅट्रोपिनवर विसंबून तासभर ठेवणें म्हणजे हातची वेळ घालविणें होय.

तेव्हां पुढचा उपाय बाहेरून वीज देण्याचा. छातीवर आणि पाठीवर दोन चिकटपट्ट्या लावून यंत्रानें ठरावीक गतीनें विजेचे लहान झटके देतात व हृदयाला चालतें ठेवतात. शुद्धीवर असलेल्या रोग्याला हे झटके दुखतात. म्हणून वेदना शमविणारें औषध द्यावें लागतें. पडद्यावर ठोके दिसले म्हणजे काम झालें असें मानीत नाहींत. प्रत्येक झटक्याबरोबर नाडी खरोखर लागते कीं नाहीं, हें हातानें पाहिलें जातें, आणि तेंही बहुधा जांघेंत. कारण मानेचे स्नायु झटक्यानें उडत असल्यामुळें तेथें भास होतो. जोडीला डोपामीन किंवा अ‍ॅड्रिनलीन शिरेंतून थेंबाथेंबानें देतात. एवढ्यानें वेळ मिळतो. आणि त्या वेळांत मानेच्या किंवा जांघेच्या शिरेंतून एक बारीक तार उजव्या जवनिकेंत नेऊन ठेवतात. ही तात्पुरती तार म्हणजे मोडलेला पूल दुरुस्त होईपर्यंत घातलेला लांकडी सांकव होय.

त्याच वेळीं कारणाचा शोध चालतो. औषधामुळें झाला असेल तर तें औषध बंद करतात. पोटॅशियम वाढलें असेल तर कॅल्शियम वगैरे देऊन तें आटोक्यांत आणतात. हृदयविकाराचा झटका हें कारण असेल, तर झटका हृदयाच्या कोणत्या भागाला बसला हें पाहतात. खालच्या भागाच्या झटक्यांत गांठीचा रक्तपुरवठा कमी होऊन झालेला ब्लॉक बहुधा कांहीं दिवसांत आपोआप ओसरतो. पुढच्या भागाच्या झटक्यांत झालेला ब्लॉक मात्र स्नायूचा मोठा भाग निकामी झाल्याचें चिन्ह असतो आणि त्याची गंभीरता फार अधिक असते. नाडीचा आंकडा एकच, परंतु भवितव्य निरनिराळें, तें यामुळें.

ज्यांचा ब्लॉक परत फिरणारा नसतो, त्यांना कायमचा पेसमेकर बसवावा लागतो. येथें नातलगांच्या मनांत चलबिचल होते. ‘या वयांत आतां यंत्र कशाला?’ असा प्रश्न प्रेमापोटींच विचारला जातो. त्याचें उत्तर इतिहास देतो. हें साधन नव्हतें तेव्हां पूर्ण ब्लॉकमुळें मूर्च्छा येऊं लागलेल्या रोग्यांपैकीं सुमारें निम्मे वर्षाच्या आंत दगावत. १९५२ मध्यें बोस्टन येथें पॉल झोल यांनीं छातीवरून वीज देऊन बंद पडूं पाहणारें हृदय चालतें ठेविलें. १९५७ मध्यें अमेरिकेंतील मिनिआपोलिस येथें अर्ल बॅकन यांनीं शल्यवैद्य वॉल्टन लिलेहाय यांच्या रोग्यांसाठीं बॅटरीवर चालणारें, अंगावर बाळगतां येणारें यंत्र बनविलें. आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्टॉकहोम येथें आके सेनिंग यांनीं रूने एल्मक्विस्ट यांनीं तयार केलेला पेसमेकर आर्ने लार्सन यांच्या शरीरांत बसविला. तें पहिलें यंत्र कांहीं तासांतच बंद पडलें. परंतु पुढें वीसांहून अधिक यंत्रें बदलीत लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत, जगले. आणि त्यांचा अंत हृदयविकारानें नव्हे, तर दुसऱ्याच रोगानें झाला.

आजचा पेसमेकर आगपेटीहूनही लहान असतो. गळपट्टीच्या हाडाखालीं, बहुधा तेवढाच भाग बधिर करून, तो बसवितात; त्याची बॅटरी साधारणतः आठ ते बारा वर्षें टिकते. घरांतील मिक्सर, दूरदर्शन, पंखे यांपासून त्याला भय नाहीं. भ्रमणध्वनि मात्र त्या बाजूच्या खिशांत ठेवूं नये, आणि एमआरआय करण्यापूर्वीं पेसमेकर असल्याचें आवर्जून सांगावें. आणखी एक गोष्ट बोलण्यास जड, परंतु कुटुंबाला ठाऊक असावी अशी: दहनापूर्वीं पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण चितेच्या उष्णतेनें त्याचा स्फोट होतो. हें आधीं माहीत असलें म्हणजे दुःखाच्या वेळीं ऐनवेळची धांदल टळते.

श्रोतेहो, हृदयाची तार तपासणें, औषध देणें, यंत्र बसविणें हीं कामें वैद्यांचीं आहेत आणि तीं त्यांच्याकडेच राहूं द्यावींत. परंतु या सर्व साखळीची पहिली कडी आपल्या माजघरांत आहे. आपल्या घरांतील वडील माणसांची नाडी, तीं स्वस्थ असतांना, एकदां मोजून औषधांच्या वहींत टिपून ठेवा. पुढें कधीं घेरी आली तर ती पुन्हां मोजा. आणि मोजलेला आंकडा, वेळ व घडलेला प्रकार वैद्याला जसाच्या तसा सांगा. ‘बाबांना चक्कर आली होती’ एवढ्या वाक्यानें वैद्याला फार थोडें कळतें. ‘बाबा बसल्या जागीं पांढरे पडले, तेव्हां नाडी बत्तीस होती, आणि अर्ध्या मिनिटांत ते शुद्धीवर आले’ या वाक्यांत अर्धें निदान असतें. तेवढें आपण केलें, तर उरलेलें करण्याचीं साधनें आज वैद्यांपाशीं आहेत.